अकरा वर्षांचा लोटन

मोरदरा धरणावर लोटन भोई अकरा वर्षं रात्री ट्यूबवर बसून मासे धरत होता, आणि त्या अकरा वर्षांत लोटन भोईने घराच्या ओट्याखाली पाय ठेवला नव्हता. या दोन्ही गोष्टी गावात सगळ्यांना ठाऊक होत्या. दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा, असं मात्र कोणी विचारलं नाही. आमच्याकडे लोक नको तिथे फार विचारतात आणि विचारायला हवं तिथे मूग गिळून बसतात.

पाण्यावर असायची ती भिकुबाई, लोटनची बायको.

चाळीसगावहून धुळ्याकडे जाताना डाव्या हाताला एक कच्चा रस्ता आत वळतो. त्या रस्त्याच्या टोकाला धरण आहे आणि धरणाच्या पोटाशी भोईगल्ली. होड्या इथे दोनच, त्याही संस्थेच्या, आणि त्यातली एक कायम उलटी पडलेली. बाकी सगळा धंदा ट्यूबवर. ट्रकच्या चाकातली जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडून आणायची, ठिगळं मारायची, हवा भरायची, मधल्या भोकावर नायलॉनच्या दोरीची खाट विणायची आणि तिच्यावर बसून पाय पाण्यात सोडायचे. वल्हं म्हणून दोन्ही हातांत रबरी चपला घालायच्या. दिवसा वारा असतो आणि जाळं माशाच्या नजरेला पडतं, म्हणून रात्रीच जायचं. कमरेपर्यंत ओलं राहून रात्र काढायची, पहाटे जाळं गोळा करायचं, संस्थेच्या काट्यावर मासे मोजून टाकायचे. थंडीच्या दिवसांत पाय आपले आहेत की दुसऱ्याचे हे पाण्याबाहेर आल्यावर चिमटा काढून बघावं लागतं.

लोटन या कामात वाघ होता. हे भिकुबाईनेच मला कितीदा सांगितलं असेल. बुडालेल्या बाभळींचे शेंडे कुठे आहेत, जाळं कुठे अडकेल, कटला कुठल्या वाऱ्याला काठाशी येतो, सगळं त्याच्या अंगात होतं. मग एका सकाळी चूळ भरता भरता त्याचं तोंड वाकडं झालं आणि डावं अंग गेलं. धुळ्याला सतरा दिवस ठेवला. जीव वाचला, हातपाय नाही वाचले. वय पंचेचाळीस. घरात एकुलती एक मुलगी मेघा, तेव्हा नववीत.

संस्थेचा नियम असा, की सभासदाने लागोपाठ दोन महिने काट्यावर मासा टाकला नाही तर पास रद्द. पास गेला की धरणात जाळं टाकणं म्हणजे चोरी. राखणदार जाळं उचलून नेतो. दीड महिना झाला तेव्हा लोटनने ओट्यावर बसल्या बसल्या, अर्ध्या तोंडाने, बायकोला सांगितलं, "तू जाय. मना शर्ट घाल, मना पंचा डोकाले बांध. अंधारमा कोन दखस?"

भिकुबाई भोयाचीच लेक. माहेरी गिरणेच्या डोहात पोहत वाढलेली. पण भोईगल्लीत बाईने जाळं विणावं, मासा विकावा, पाण्यावर मात्र जाऊ नये. बाईचा पाय जाळ्याला लागला की मासा रुसतो म्हणतात. मासा रुसतो की माणूस, हे मासाच जाणे. ती पहिल्या रात्री गेली ती देवाचं नाव घेत, नवऱ्याच्या पँटीला सुतळी बांधून.

आता या लोकांची एक रीत आहे. ट्यूबवाले पाण्यावर लांब लांब पसरलेले असतात, अंधारात कोणाला कोणी दिसत नाही. म्हणून तास-दीड तासाने त्यांच्यातला वडीलधारा एकेकाचं नाव घेऊन हाळी देतो आणि ज्याने त्याने ओ द्यायची. ओ आली नाही की सगळे तिकडे वळतात. त्या वेळी ही हाळी रुपचंदकडे होती, अजूनही आहे. रुपचंद म्हणजे लोटनचा लंगोटीयार. त्याने पहिल्या रात्री हाळी दिली, "लोटन, ओ लोटन!" ओ द्यावी तर बाईचा आवाज. तिने चपलेने ट्यूबवर दोनदा थापटलं. रुपचंदने ते ऐकलं. मग चपला मारत जवळ आला, बॅटरी न लावता नुसता बसून राहिला, आणि पाण्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आयका रे बठ्ठा! आठे लोटन शे. ज्यानी मेंबरी त्यानं नाव. दुसरं काही कोन्ही बोलानं नही."

भिकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा भला माणूस तिने पाहिला नव्हता. तेव्हा तो भलाच होता. मी त्याचं श्रेय काढून घेत नाही.

तेव्हापासून रात्री ती लोटन आणि सकाळी लोटनची बायको. उजाडायच्या आत बाभळीआड लुगडं नेसायचं, टोपली डोक्यावर घ्यायची आणि काट्यावर जाऊन सांगायचं, "लोटन झिपरू भोई." बायका नवऱ्याचा मासा काट्यावर आणतातच, त्यात कोणाला वावगं काय दिसणार? संस्थेचा सेक्रेटरी प्रेमराज वजन बघायचा, लोटनच्या नावाची पावती फाडायचा. भिकुबाईच्या केसांतून पाणी गळत असायचं. प्रेमराज पावतीच्या पुस्तकावर ते पडू नये म्हणून पुस्तक जरा बाजूला सरकवायचा.

पहिली दोन वर्षं तिला मासा बेताचाच मिळाला. मग ती नवऱ्याच्याही पुढे गेली. मरळ पकडावी तर तिनेच. पाण्यावर थट्टा चालायची. कोणी ओरडायचं, "लोटन भो, लकवा व्हयना आनि तुना हात उलटा जोरमा चालाले लागना!" सगळे हसायचे, तीही हसायची. बिड्या ओढताना तिला तंबाखूची पुडी पोचवायचे. जागा देताना फसवायचे नाहीत. दिवसाउजेडी हेच लोक गल्लीत समोरून आले की ती पदर ओढायची आणि ते मान वळवायचे. रात्रीची ओळख दिवसा दाखवायची नाही, हे कोणी न सांगताच ठरलं होतं.

सहाव्या वर्षी पौषात रुपचंदच्या ट्यूबचा वाल गेला. धरणाच्या ऐन मध्यावर, जिथे जुनं गाव बुडालंय तिथे. जाळं त्याच्या पायात गुंतलेलं, ट्यूब फुसफुसत बसायला लागलेली. "लोटन! लोटन! वाल गया मना!" तीच सगळ्यांत जवळ होती. तिने दातात कोयती धरून त्याच्या पायातलं जाळं कापलं, आपल्या ट्यूबचा दोर त्याच्या काखेतून घेतला आणि म्हणाली, "दोर धर. बोलू नको, दम राख." पाऊण तास ती चपला मारत होती. काठाला लागली तेव्हा तिच्या तळहातांची सालं निघाली होती. दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी झाली, लोटनने रुपचंदला वाचवलं. रुपचंदची बायको ओट्यावर येऊन लोटनच्या पाया पडली. लोटननेही पाय मागे घेतला नाही. तसा एक पाय त्याला घेताच येत नव्हता, पण दुसरा येत होता.

त्या रात्री भिकुबाईला पहिल्यांदा राग आला. तिने तो गिळला. रागावून करायचं काय? घर चालत होतं, मेघाचं लग्न फैजपूरला चांगल्या ठिकाणी झालं होतं, नवरा दिवसभर फाटकी जाळी एका हाताने शिवून ठेवत होता. पण राग भाकरीसारखा पचत नाही. तो पोटात तसाच राहतो.

आणि आठव्या वर्षी सत्कार. वर्षात सगळ्यांत जास्त मासा टाकणारा सभासद म्हणून संस्थेच्या सभेत लोटन झिपरू भोई यांना शाल, श्रीफळ. दोघांनी उचलून त्याला रिक्षात घातलं. भिकुबाई मंडपाच्या मागे बायकांत उभी होती. प्रेमराजने माईकवर भाषण केलं, "शरीराने खचले तरी लोटन नानांची जिद्द खचली नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे रात्री तिच्याबरोबर पाण्यात असायचे. लोटन घरी आला तो शाल पांघरूनच. नारळ तिच्या हातात देऊन म्हणाला, "चटनी कर." त्याच्या डोळ्यांत एवढा आनंद होता की तिने चटणी केली. माणूस वाईट नव्हता. अपंगाला नाव तरी उरावं म्हणून ती गप्प बसली, आणि आपण नाव उसनं दिलंय असं समजत राहिली. उसनं दिलेलं कधीतरी परत मागता येतं, असा तिचा भाबडा समज.

गेल्या माघात लोटन झोपेत गेला.

दहावं-तेरावं झालं. मेघा फैजपूरला परत जाताना म्हणाली, माय, आता पाणी सोड, माझ्याकडे चल, केळीच्या गाड्या भरायला बाया लागतातच. भिकुबाई म्हणाली, मला माझं काम येतं, दुसरं कशाला शिकू? आणि त्या बोलण्यात तिला स्वतःलाच नवल वाटलं. माझं काम. सत्तेचाळीसाव्या वर्षी तिला कळलं की तिला हे काम आवडतं. रात्रीचं पाणी, जाळं जड लागलं की मनगटात येणारी ती ओढ, तिला दुसरं काही नको होतं. हवा होता फक्त पास, आणि तो भिकुबाई या नावाने. आता लोटन नव्हता. आता कोणासाठी लोटन व्हायचं?

सभासद वारला की वारसाला तीन महिन्यांत नोंद करता येते. वारस बायको असली तरी चालते. कागदात तसं कुठेच नाही की बाई नको. अट एकच, वारस स्वतः मासे धरणारा असला पाहिजे आणि दोन सभासदांनी तसं लिहून दिलं पाहिजे. भिकुबाईला हसूच आलं. दोन कशाला, एकवीस सभासद आहेत, एकवीसही देतील!

पहिला म्हणाला, देतो, उद्या ये. उद्या तो धुळ्याला गेला. दुसऱ्याने सांगितलं, आधी रुपचंद नाना देऊ दे, मग मी. तिसऱ्याची आई दारातूनच बोलली की आमच्या घरातल्या बायांना असले नाद लावू नको. चौथा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "भिकुबाई, तू आमनापेक्षा जास्ती धरस हाई कागदवर कसं लिखी देऊ?" निदान एकाने खरं कारण तरी सांगितलं.

मग ती रुपचंदकडे गेली. मुद्दाम दिवसा गेली, पदर न ओढता गेली. रुपचंद जाळ्याला शिसं लावत बसला होता. बायको चुलीपाशी चहा ठेवत होती. भिकुबाईने कागद पुढे केला. रुपचंदने तो हातात घेतला, वाचल्यासारखं केलं आणि परत दिला.

"भिकुबाई, मी काय सांगू? मी ते लोटनलेच वयखस. रातले लोटनले हाक मारी, लोटननी ओ दिधी. बठ्ठास्नी तेच आयकेल शे."

"आनि तुना वाल गया व्हता त्या रातले? तुले काठवर कोन लई उनं?"

रुपचंदने शिशाची गोळी दोऱ्यात ओवली, गाठ मारली, दाताने तोडली.

"लोटन," तो म्हणाला.

बायको चहाचं पातेलं धरून तशीच उभी राहिली. तिने ज्याचे पाय धरले होते तो कोण होता हे तिला तेव्हाच कळलं, की आधीपासून माहीत होतं, देव जाणे. चहा कोणी प्यायला नाही.

या माणसाला मी कृतघ्न म्हणेन. भिकुबाई म्हणत नाही. ती म्हणते, बाईने वाचवलं असं लिहून दिलं असतं तर दुसऱ्या रात्री त्याच्या हाळीला कोणी ओ दिली नसती. मासा पाण्याबाहेर तडफडतो तसा पुरुष लोक हसले की तडफडतो, असंही म्हणते. ती मोठ्या मनाची आहे. मी नाही.

शेवटी ती संस्थेच्या ऑफिसात गेली. प्रेमराज तालुक्याचा शिकलेला माणूस, बोलणं गोड. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. ती म्हणाली, "साहेब, साक्षीदार ऱ्हाऊ द्या. तुम्ही चला. आज रातले चला, नहीतं आते चला, दिवसा. मी तुमना समोर जायं टाकस."

"अक्का, मला काय माहीत नाही का?" प्रेमराज म्हणाला. "मी रोज काट्यावर बसतो. तुमच्या केसांतलं पाणी मला दिसत नव्हतं का? माझा पूर्ण विश्वास आहे तुमच्यावर."

भिकुबाईच्या जिवात जीव आला.

"पण असं बघा," प्रेमराजने पावत्यांचं जाडजूड पुस्तक पुढे ओढलं. "अकरा वर्षं मासा लोटन नानांनी टाकला, असं इथे आहे. आता तुम्ही म्हणता मासा तुम्ही धरला. ठीक. मग नानांनी धरला नाही. मग नानांचा पास अकरा वर्षांपूर्वीच रद्द व्हायला हवा होता. आणि जो पासच नव्हता, त्याची वारस तुम्ही कशी होणार? तुम्ही खरं बोललात तर तुम्हाला काही मिळत नाही, अक्का. वर सगळ्या पावत्या खोट्या ठरतात, त्यांच्यावर सही माझी."

तिने त्या पुस्तकाकडे बघितलं. तिला वाटलं होतं की तिने नाव उसनं दिलं होतं. इथे तर तिने अकरा वर्षांच्या रात्रीच देऊन टाकल्या होत्या, आणि परत घ्यायला गेलं तर घर कोसळत होतं.

"मंग मी काय करू?"

"घरात कोणी पुरुष माणूस? पुतण्या वगैरे? तुम्ही हक्क सोडलात तर वारस म्हणून त्याचं नाव लावता येतं."

पुतण्या होता. दीपक, लोटनच्या भावाचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, जळगावला पाईपच्या कंपनीत कंत्राटावर. प्रेमराजने त्याला आधीच फोन केला होता हे भिकुबाईला नंतर कळलं. तो रविवारी मोटारसायकलवर आला, पांढरे बूट घालून. ओट्यावर बसून म्हणाला, "काकू, तू कसाले टेन्शन लेस? पास मना नाववर, मासा तुना. माले ते पोहता बी येत नही. तू जशी काकाना नाववर धरे, तशी मना नाववर धर."

त्याने हे मनापासून सांगितलं. आपण काकूवर उपकार करतोय असं त्याला वाटत होतं, आणि खरं बोलायचं तर होतही होतं. मुदत संपायला चार दिवस उरले होते, तोवर लोटनच्या पासवर जाळं टाकता येत होतं. नंतर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली असती, आणि भिकुबाईची जाळी राखणदाराने पहिल्याच रात्री उचलली असती. ती त्या रात्री पाण्यावर गेली नाही. दारात बसून राहिली. जाळी पेटवून द्यावीत असंही मनात आलं, पण ती लोटनने एका हाताने शिवलेली होती.

सोमवारी चौघं ऑफिसात बसले. प्रेमराज, दीपक, रुपचंद आणि ती. कागद आधीच टाइप करून ठेवला होता. दीपक हा क्रियाशील मच्छीमार असल्याबद्दल दोन जणांचा जबाब हवा होता. एक रुपचंदचा. त्याने वाचायलाही न घेता सही केली. या वेळी त्याला सगळं नीट आठवत होतं. दुसरा जबाब कोणाचा घ्यायचा?

"काकूचाच घेऊ," प्रेमराज म्हणाला. "मयताची पत्नी, सगळ्यांत भक्कम साक्षीदार. सभासद नसली तरी घरातल्या माणसाचा जबाब चालतो. हिच्या शब्दावर कोणी शंका घेणार नाही."

त्याने वाचून दाखवलं. "मी, भिकुबाई लोटन भोई, वय सत्तेचाळीस, प्रतिज्ञेवर सांगते की, माझे पुतणे दीपक हे गेली सात वर्षं मोरदरा धरणात रात्री ट्यूबवर बसून मासेमारी करतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे." वाचून झाल्यावर तो थांबला. मध्ये एक जागा कोरी राहिली होती. त्याने पेनचं टोपण काढलं.

"व्यवसाय काय टाकू, अक्का?"

भिकुबाईने रुपचंदकडे पाहिलं. रुपचंद खिडकीतून धरणाकडे बघत होता. दीपक मोबाईलमध्ये होता. पंखा फिरत होता. प्रेमराजने मग स्वतःच लिहिलं, "घरकाम," आणि कागद तिच्याकडे फिरवला.

तिने सही केली.